गंजिफा : कागदाचे दहा अवतार

आमच्या पेडण्याच्या जुन्या घरात माळ्यावर एक लाकडी पेटी होती. आत गोल गोल, रंगीत, गुळगुळीत चकत्या. आम्ही भावंडांनी त्यांना मधोमध भोके पाडली आणि चपलांच्या खोक्याच्या गाडीला चाके लावली. चाके कशी मस्त टणक! एकदा ती गाडी रात्रभर पावसात अंगणात राहिली. सकाळी पाहतो तर चाकांचे पापुद्रे सुटलेले आणि आतून पिवळसर कागद डोकावत होता. आजी रागावली नाही. ओला तुकडा हातात घेऊन एवढेच म्हणाली, "देव आसले रे ते!"

ते देव म्हणजे गंजिफा हे कळायला मला पुढे कॉलेजात जावे लागले.

गंजिफा हा हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा खेळ. तो इराणकडून आपल्याकडे आला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त १२ रंगांच्या, प्रत्येकी १२ पानांच्या, म्हणजे १४४ पानांच्या खेळाचे वर्णन आहे. पुढे ८ रंगांचा आणि ९६ पानांचा खेळ जास्त रुळला. श्रीमंतांसाठी हस्तिदंताची पाने, त्यांना म्हणत 'दरबार कलम'. सामान्यांसाठी कागदाची किंवा कापडाची, ती 'बाजार कलम'. आमची पेटी अर्थातच बाजारातली!

बादशहा, गुलाम, तलवार अशा त्या परक्या खेळाला आपल्या लोकांनी विष्णूचे दहा अवतार दिले. १० अवतार, प्रत्येकाची १२ पाने, एकूण १२०. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू, वामनाच्या पानांवर कमंडलू. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही खेळता यावे अशी ही सोय. मराठी मुलखात बुद्धाच्या जागी नववा अवतार म्हणून विठ्ठल दाखवण्याचीही चाल आहे. म्हणजे ज्याची वारी करायची तोच संध्याकाळी पानांच्या डावात हातात येणार!

आता आमच्या माळ्यावर ही पेटी आली कुठून? पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेले. त्याआधी ते सावंतवाडीच्या भोसल्यांच्या मुलखात होते. सरहद्द कागदावर बदलली, पण सोयरिकी, दशावतारी नाटके, बाजारहाट सगळे चालूच राहिले. सावंतवाडीचे चितारी लाखकामासाठी आणि गंजिफांसाठी प्रसिद्ध. पत्रादेवी आणि बांदा ओलांडून ती पेटी आमच्या पणजोबांच्या घरी आली असणार, असा माझा तर्क.

मी सरकारी कारकून. कागदाशी माझा रोजचा संबंध, पण कागद म्हणजे ज्यावर लिहायचे ते, एवढेच मला ठाऊक. चिताऱ्याला कागद म्हणजे ज्यातून वस्तू घडवायची ते. चिंचोके दळून, शिजवून त्यांची खळ करायची. त्या खळीने कागदावर कागद चिकटवून थर वाढवायचे, दाबून वाळवायचे, की पुठ्ठा तयार होतो. तो गोल कापायचा, त्यावर खडूचा लेप द्यायचा आणि दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. मग प्रत्येक अवताराचा ठरलेला रंग पार्श्वभूमीला, त्यावर चित्र आणि शेवटी लाखेचा हात. एकटा कागद किती दुबळा! पण थरावर थर चढले की तोच शेकडो डाव झेलतो. पुठ्ठा लाकडासारखा वाजतो. आमची चाके टिकली ती उगीच नव्हे.

खेळही सोपा नाही. तिघांत १२० पाने वाटायची, म्हणजे प्रत्येकी ४०. हुकूम नावाची भानगड नाही. दिवसा खेळ असेल तर उतारी रामाची, रात्री असेल तर कृष्णाची. पाच अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत उलट एक्का मोठा. कोणती पाने पडली हे सगळे डोक्यात ठेवायचे.

मग छापखान्याची ५२ पाने आली. स्वस्त, कुठेही मिळणारी. १२० पाने हाताने रंगवणारा चितारी त्यांच्यापुढे कसा टिकणार? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कला जाणणारे पुंडलिक चितारी अगदी वृद्ध झाले होते. तेव्हा सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांना शिकवायची गळ घातली. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. त्या स्वतः ही कला शिकल्या आणि राजवाड्यात कारागिरांना काम मिळवून दिले. शिवरामराजे १९९५ साली गेले, सत्त्वशीलादेवी २०१८ साली. पण राजवाड्यात गंजिफा अजून रंगवल्या जातात.

म्हणजे कला वाचली. खेळ मात्र वाचला असे म्हणवत नाही. मी राजवाड्यात गेलो तेव्हा लोक पाने घेत होते ती भेट द्यायला किंवा चौकट करून भिंतीवर टांगायला. त्यात चूक काही नाही, त्यावरच कारागिराची चूल पेटते. पण मला आमच्या कचेरीतल्या फायली आठवल्या. कपाटात नीट ठेवलेल्या आणि कोणीच न उघडलेल्या. कागद जपला म्हणजे त्यातले ज्ञान जपले असे होत नाही. पान हातात यायला हवे, घामाने थोडे मळायला हवे, हरल्यावर आपटलेही जायला हवे.

मीही एक संच घेतला. गेल्या चतुर्थीला आरत्या झाल्यावर बायको, मुलगी आणि मी बसलो. रात्र होती, तेव्हा उतारी कृष्णाची. पहिल्या तासाभरात कुठे एक्का मोठा आणि कुठे दश्शी यावरून तीन भांडणे झाली आणि डाव अर्धाच राहिला. मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या परत."

आजी आता नाही. त्या जुन्या पेटीतले एकच पान उरले आहे, निळ्यावर घोड्यावरचा प्रधान, मधोमध भोक पडलेला. तो कोणत्या अवताराचा ते अजून लागत नाही. नव्या संचाच्या डबीत तो मी वर ठेवला आहे. तुमच्या माळ्यावर अशी गोल पाने असतील, तर कृपा करून मुलांच्या हाती द्या. फक्त आधी डाव शिकवा, चाके नंतर.