मनुष्य कीं यंत्र? एका नव्या पहाऱ्याचा इतिहास

किल्ल्याचा दरवाजा सूर्यास्ताबरोबर बंद होई, आणि त्यानंतर येणाऱ्यास पहारेकरी परवलीचा शब्द विचारी. शब्द बरोबर आला तर दिंडी उघडे. नाहीं तर येणारा कितीहि मोठा असो, त्यास बाहेर तिष्ठत बसावें लागे. या जुन्या पहाऱ्यांत प्रश्न एकच असे: आलेला मनुष्य आपल्यापैकीं आहे कीं परका आहे? तो मुळांत मनुष्य आहे कीं नाहीं, ही शंका कोणाहि पहारेकऱ्याच्या मनांत येण्याचें कारण नव्हतें. ती शंका विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्पन्न झाली, आणि आज ती इतकी अंगवळणी पडली आहे कीं, रेल्वेचें तिकीट काढतांना किंवा एखादा सरकारी अर्ज भरतांना वेड्यावांकड्या अक्षरांची ओळ समोर आली तर कोणास नवल वाटत नाहीं. ती ओळ वाचून दाखवावी, आणि आपण मनुष्य असल्याचें सिद्ध करावें, असा हा पहारा आहे.

या कल्पनेचें मूळ ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाच्या एका निबंधांत सांपडतें. ट्युरिंगचे वडील मद्रास इलाख्यांत सनदी नोकर होते. मुलाचा जन्म मात्र १९१२ सालीं लंडनमध्यें झाला. १९५० सालीं ‘माइंड’ या तत्त्वज्ञानविषयक त्रैमासिकांत त्यानें एक प्रश्न मांडला: यंत्रास विचार करतां येईल काय? या प्रश्नाचा काथ्याकूट करीत बसण्याऐवजीं त्यानें एक खेळ सुचविला. एका खोलींत परीक्षक बसावा. दुसरीकडे एक मनुष्य व एक यंत्र असावें. प्रश्नोत्तरें टंकलिखित व्हावीं, म्हणजे आवाज अगर चेहरा यांवरून तर्क करतां येऊं नये. यंत्र कोणतें व मनुष्य कोणता हें परीक्षकास ओळखतां आलें नाहीं, तर यंत्रास बुद्धि नाकारण्यास आधार काय उरला? या खेळांत परीक्षेस बसलें होतें यंत्र, आणि परीक्षक होता मनुष्य, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

पुढें शेचाळीस वर्षांनीं ही जागांची अदलाबदल झाली. १९९६ सालीं इस्रायलमधील वाइझमन संस्थेचे मोनी नाओर यांनीं एका टिपणांत असें सुचविलें कीं, परीक्षकाचें काम यंत्राकडेच द्यावें. यंत्रानें असे प्रश्न विचारावे कीं, जे मनुष्यास सहज सुटतील, पण दुसऱ्या यंत्रास सुटणार नाहींत. ही सूचना कागदावर होती तोंच तिची गरज व्यवहारांत भासूं लागली होती. ‘अल्टाव्हिस्टा’ ही त्या काळची नामांकित शोधसेवा. तिच्या यादींत आपल्या संकेतस्थळाचा पत्ता घालण्याची मुभा कोणासहि असे. कांहीं लोभी मंडळींनीं या मोकळ्या दाराचा फायदा घेऊन, यंत्राकरवीं हजारों पत्ते यादींत कोंबण्यास आरंभ केला. १९९७ सालीं आंद्रेइ ब्रोडर व त्यांचे सहकारी यांनीं त्यावर तोड काढली. त्या सहकाऱ्यांत मद्रासच्या आय. आय. टी.मध्यें शिकलेले कृष्ण भरत हेहि होते.

त्यांची युक्ति मौजेची आहे. छापील मजकूर यंत्रास वाचतां यावा म्हणून काय काय पथ्यें पाळावीं, याची सूचना चित्रग्राहक यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंत होती. या मंडळींनीं प्रत्येक पथ्य उलटें केलें. अक्षरें सरळ असावींत असें सांगितलें होतें, त्यांनीं तीं तिरपीं केलीं; टाईप एकसारखा असावा असें होतें, त्यांनीं तो बदलता ठेवला; पार्श्वभूमि स्वच्छ असावी असें होतें, त्यांनीं ती गिचमीड केली. यंत्राच्या अपथ्याचें असें पक्वान्न तयार झालें. यंत्रांकरवीं येणारी भरती शेंकडा पंचाण्णवांहून अधिक घटली, असें त्यांस आढळून आलें.

दोनच वर्षांनीं, १९९९ च्या नोव्हेंबरांत, अशा पहाऱ्याच्या अभावीं काय होतें याचा एक विनोदी नमुना अमेरिकेंत पाहावयास मिळाला. संगणकशास्त्राच्या उच्च शिक्षणास सर्वांत उत्तम विद्यापीठ कोणतें, यावर ‘स्लॅशडॉट’ या संकेतस्थळानें मतें मागविलीं. कार्नेगी मेलनच्या विद्यार्थ्यांनीं आपोआप मतें टाकणारा कार्यक्रम रचला. दुसऱ्या दिवशीं मॅसॅच्युसेट्सच्या विद्यार्थ्यांनींहि रचला. शेवटीं मॅसॅच्युसेट्सला २१,१५६ आणि कार्नेगी मेलनला २१,०३२ मतें पडलीं. बाकीच्या कोणासहि एक हजारहि पडलीं नाहींत. कोणतें विद्यापीठ उत्तम हें त्यावरून ठरलें नाहीं. मतपेटीपुढें मनुष्य उभा आहे हें गृहीत धरतां येत नाहीं, एवढें मात्र ठरलें.

२००० सालीं याहू कंपनी अशाच अडचणींत सांपडली. तिच्या गप्पांच्या दालनांत यंत्रें मनुष्याचें सोंग घेऊन शिरत व जाहिराती पसरीत. तिच्याकडून हा प्रश्न कार्नेगी मेलन विद्यापीठांत पोंचला. तेथील अध्यापक मॅन्युएल ब्लम, त्यांचा ग्वाटेमालाहून आलेला तरुण विद्यार्थी लुईस फॉन आन, निकोलस हॉपर, आणि जॉन लँगफर्ड यांनीं या परीक्षेस शास्त्राचें रूप दिलें. ‘कॅप्चा’ हें नांवहि त्यांचेंच. मनुष्य आणि संगणक यांस वेगळें ओळखणारी, पूर्णपणें स्वयंचलित व उघड अशी ट्युरिंग-कसोटी, असा त्या आद्याक्षरी नांवाचा अर्थ आहे.

त्यांतील ‘उघड’ या शब्दांत सर्व मर्म आहे. पहाऱ्याची रीत गुप्त ठेवून सुरक्षितता मिळवावयाची नाहीं. रीत सर्वांस ठाऊक असली तरी चालेल. प्रत्येक वेळचा शब्द मात्र यदृच्छेनें निवडलेला असावा. त्याचें उत्तर अर्जदाराच्या पानावर कोठेंहि लपवून न ठेवतां संकेतस्थळाच्या स्वतःच्या संगणकांतच राहावें, अर्जदाराकडे केवळ चित्र जावें, एक उत्तर एकदांच चालावें, आणि कांहीं मिनिटांनंतर तें शिळें ठरावें. हे नियम पाळले नाहींत, तर अक्षरें कितीहि वांकडीं काढलीं तरी पहारा फुकट जातो; कारण चोर कुलूप फोडीत बसत नाहीं, किल्ली कोठें टांगली आहे तें पाहतो. एकदां मिळालेलें बरोबर उत्तर हजार वेळां चालत असेल, तर यंत्रास वाचतां येण्याची गरजच काय?

लहानशा संस्थेच्या अर्जास एवढा खटाटोपहि लागत नाहीं. ‘तीन अधिक चार किती?’ एवढा प्रश्नसुद्धां पुष्कळ उपद्रव टाळतो. त्याहून शहाणी युक्ति अशी कीं, अर्जांत एक रकाना मनुष्याच्या दृष्टीस न पडेल असा ठेवावा. मनुष्य तो भरणार नाहीं. आंधळेपणानें प्रत्येक रकाना भरणारें यंत्र मात्र तो भरतें, आणि सांपडतें. येथें मनुष्यास कांहींच विचारावें लागत नाहीं.

मोठ्या दारांवर मात्र चढाओढ जुंपली. २००३ सालीं बर्कले येथील ग्रेग मोरी व जितेंद्र मलिक यांच्या कार्यक्रमानें कार्नेगी मेलनच्या सोप्या परीक्षेंत शेंकडा ९२ आणि कठीण परीक्षेंत शेंकडा ३३ वेळां यश मिळविलें. २००५ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, सुटें वांकडें अक्षर यंत्र मनुष्याहूनहि बरें वाचतें. त्यास अडतें तें अक्षर कोठें संपतें व दुसरें कोठें सुरू होतें हें ठरवितांना. देवनागरी छपाई यंत्राकडून वाचवून घेणाऱ्यांस ही अडचण परिचयाची आहे. आपली शिरोरेषा अक्षरांस एकत्र बांधते, म्हणून यंत्रानें प्रथम ती रेषाच पुसून अक्षरें सुटीं करावयाचीं, ही तेथील जुन्या पद्धतींतली नेहमींची पायरी असे.

दरम्यान फॉन आन यांस एक रुखरुख लागून राहिली. त्यांच्या हिशेबाप्रमाणें जगांत रोज सुमारें वीस कोटि वेळां लोक हीं कोडीं सोडवीत, व प्रत्येकास दहा सेकंद लागत; म्हणजे मनुष्यजातीचे रोज पांच लाख तास वायां जात. २००७ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या वेळाचा उपयोग करून घेतला. एकाऐवजीं दोन शब्द दाखवावयाचे: एक यंत्रास ठाऊक असलेला, दुसरा जुन्या छापील पानावरचा, यंत्रास न लागलेला. पहिला बरोबर वाचणाऱ्याचें दुसऱ्याबद्दलचें मतहि धरावयाचें, आणि अनेकांचीं मतें जुळलीं म्हणजे तो शब्द लागला असें मानावयाचें. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जुने अंक अशा रीतीनें वाचले गेले. २००९ सालीं गूगल कंपनीनें ही योजना विकत घेतली.

परंतु या पहाऱ्यानें अडविलें कोणास, याचाहि हिशेब मांडला पाहिजे. अंध मनुष्य संगणकावरील मजकूर ऐकून काम करतो. त्यास चित्रांतील अक्षरें कशीं दिसावींत? २००५ सालीं महाजालाचीं मानकें ठरविणाऱ्या संस्थेनें या अन्यायाकडे जाहीरपणें लक्ष वेधलें. ध्वनीची सोय पुढें झाली, पण ज्यास दिसत नाहीं व ऐकूंहि येत नाहीं त्याच्यासाठीं ती सोय नव्हे. आपल्याकडे ज्या शेतकऱ्यास केवळ देवनागरी वाचतां येते, त्यास रोमन अक्षरांचें कोडें घालणें म्हणजे मनुष्यत्वाची परीक्षा नव्हे. ती इंग्रजी वर्णमालेची परीक्षा झाली. उलट ज्यास खरोखर अडवावयाचें, त्यानें वाट काढली ती मजुरांतून. २०१० सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांस आढळलें कीं, अशीं हजार कोडीं सुमारें एका डॉलरांत सोडवून मिळत, आणि सोडविणारे हात स्वस्त मजुरीच्या देशांतले असत.

२०१४ सालीं गूगलच्याच संशोधकांनीं जाहीर केलें कीं, आपलें यंत्र कठिणांतलीं कठीण कोडीं शेंकडा ९९.८ वेळां बरोबर सोडवितें. त्याच वर्षीं ‘मी यंत्रमानव नाहीं’ असा एक चौकोन आला, आणि २०१८ पासून तर प्रश्न न विचारतां, नुसत्या वागणुकीवरून गुण देण्याची रीत निघाली. पहारेकरी विचारीनासा झाला. तो मुकाट्यानें न्याहाळूं लागला. हें सोयीचें खरें, पण कोणी किती व काय न्याहाळावें हा नवा प्रश्न त्यांतून उपस्थित झाला. २०२३ सालीं झालेल्या एका अभ्यासांत यंत्रें हीं कोडीं मनुष्यांहून लवकर व अधिक अचूक सोडवितात असें दिसलें. त्याच वर्षीं ओपनएआय या कंपनीच्या अहवालांत नमूद झालें कीं, तिच्या यंत्रानें एका चांचणींत, आपली दृष्टि अधू असल्याची बतावणी करून, एका मनुष्याकडे कोडें सोडवून मागितलें. ज्या अंधास या पहाऱ्यानें वर्षानुवर्षें बाहेर उभें केलें, त्याचेंच सोंग यंत्रानें घेतलें.

म्हणून आज जो कोणी आपल्या अर्जापुढें पहारा बसवूं पाहील, त्यानें प्रथम मनुष्यास त्रास न देणारी युक्ति योजावी. प्रश्न विचारणें भागच पडलें तर तो अर्जदाराच्या भाषेंत विचारावा. आणि ज्यास उत्तर देतां आलें नाहीं त्याच्यासाठीं एक दूरध्वनि किंवा एक खिडकी अशी ठेवावी कीं जेथें पलीकडे मनुष्य बसला असेल. किल्ल्याच्या पहारेकऱ्याचा आवाज ओळखून तरी दिंडी उघडली जाई. यंत्राच्या दारावर ती शक्यता मुद्दाम ठेवावी लागते.