सतरंजीखाली

अकोल्याला कॉलेजात मी इंग्रजी शिकवायचो तेव्हा बी.ए.च्या वर्गाला एडगर ॲलन पोची ‘द टेल-टेल हार्ट’ असायची. १८४३ सालची, चार-पाच पानांची गोष्ट. एका म्हाताऱ्याचा गिधाडासारखा डोळा सहन होत नाही म्हणून एक माणूस त्याला मारतो आणि तुकडे करून खोलीतल्या लाकडी फळ्यांखाली दडवतो. पोलीस येतात. हा त्यांना त्याच खोलीत बसवतो, वर स्वतःची खुर्ची नेमकी प्रेतावर मांडतो. मग त्याला खालून काळजाचे ठोके ऐकू येऊ लागतात, वाढत जातात, आणि शेवटी तोच किंचाळून सगळं कबूल करतो. दर्यापूरकडच्या एका पोरानं मागच्या बाकावरून विचारलं होतं, “सर, पोलिसायले काहीच दिसलं नोतं, तं यानं सांगतलं कायले?”

वर्ग हसला. परीक्षेपुरतं उत्तर सोपं असतं: डोळा कशाचं प्रतीक, कंदिलाची तिरीप कशाची, ठोके मेलेल्याचे की मारणाऱ्याच्याच छातीतले. पण पोराचा प्रश्न त्याहून खोल होता. खून करणाऱ्याच्या आत काहीतरी वाजत राहतंच, हे पो धरूनच चालतो. आमच्या वऱ्हाडच्या जुन्या रस्त्यांवर हे धरून चालता येत नाही.

पोच्या गोष्टीच्या चार वर्षं आधी, १८३९ मध्ये, लंडनला ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी निघाली. लेखक फिलिप मेडोज टेलर, लिव्हरपूलचा, १८२४ पासून हैदराबादच्या निजामाच्या नोकरीत. वऱ्हाड तेव्हा निजामाचं. म्हणून टेलरच्या कादंबरीतला ठग अमीर अली जी मुलूखगिरी करतो तिच्यात आपली अमरावतीही येते. कापसाच्या आणि सावकारीच्या पैशानं फुगलेलं गाव, नागपूरहून दक्षिणेला निघालेले व्यापारी, सोबतीला कुणी मिळालं तर बरं म्हणणारे. आणि सोबत मिळायची.

ठगांची कामं वाटलेली असत. गोड बोलून वाटसरूंना जवळ आणणारा वेगळा, गळ्यात रुमाल टाकून आवळणारा वेगळा, हात धरणारा वेगळा, खड्डा खणणारा वेगळा. खड्ड्याची जागा बहुधा आधीच हेरून ठेवलेली. तंबाखू आणा, असं काहीसं रोजचंच वाक्य म्हणजे इशारा. प्रेतं पुरून झाली की जमीन सारखी करायची, वर चूल पेटवायची, किंवा सतरंजी अंथरायची. मग सव्वा रुपयाचा गूळ आणून कुदळीची पूजा करून तो वाटून खायचा. या विधीला ते तुपोनी म्हणत. फिरंगिया नावाच्या प्रसिद्ध ठगाचं म्हणणं असं की तो गूळ एकदा खाल्ला की माणूस बदलतो, मग दुसरा धंदा नकोसा होतो. पोचा माणूस प्रेतावर खुर्ची मांडून घामानं निथळतो. हे प्रेतावर बसून गूळ खात, आणि रात्री त्यांना झोप लागे.

विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३० नंतर ठगांच्या जबान्या घेतल्या. त्यातला मला सगळ्यात भयाण वाटणारा प्रसंग सलोहदा नावाच्या गावचा आहे. आमराईत साहेबाची छावणी पडलेली. कैदी फिरंगिया म्हणाला, इथे माणसं आहेत. आणि बोटानं जागा दाखवल्या. खणलं तर १८१८ साली मारलेला एक पंडित आणि त्याची माणसं निघाली, नंतर मारलेले शिपाई निघाले. साहेबाच्या झोपायच्या तंबूखालीही काही जण होते. रात्रभर साहेब आणि मडम त्यांच्यावर झोपलेले. कुणाला ठोके ऐकू आले नव्हते. सांगणाऱ्याला फक्त जागा आठवत होत्या, शेतकऱ्याला आपल्या बांधावरची झाडं आठवावीत तशा.

मग या माणसांना अपराध म्हणून काही वाटतच नव्हतं का? वाटत होतं, पण भलत्याच जागी. त्यांचा सगळा हिशेब शकुनांत होता. वाटेवर कुठला प्राणी कोणत्या बाजूला ओरडला, घुबड कधी बोललं, ससा आडवा गेला का. गाढवाच्या ओरडण्याला शंभर पाखरांचं मोल. चांगला शकुन झाला म्हणजे देवीनं माणूस दिला, आपण नुसते हात. ज्याला आपण मन खातंय म्हणतो, ते काम त्यांनी रानातल्या जनावरांकडे सोपवलेलं होतं. मोडायचा नाही तो नियम. आणि नियमांत एक असा होता की बाई मारायची नाही.

इथे आपलं एलिचपूर, म्हणजे अचलपूर, येतं. स्लीमननं विचारलं, तुमच्या देवीनं तुम्हाला सोडलं कधीपासून? तेव्हा उत्तरांत कालीबीबीचं नाव निघालं. जबानीप्रमाणे ती एलिचपुराहून हैदराबादकडे निघाली होती, कबरीवर घालायची सोन्याची चादर घेऊन. तिला मारलं, तिथून आपलं दैव फिरलं, असं ठग मानत. आपण धरले गेलो ते इंग्रजांच्या हुशारीनं नाही, कालीबीबीमुळे. तिच्याआधी मारलेल्या पुरुषांचं ओझं कुणाच्या उरावर दिसत नाही, आणि तिचंही दिसतं ते ती माणूस होती म्हणून नाही. नियम मोडला म्हणून. दर्यापूरच्या त्या पोराला हे सांगायला हवं होतं: आतून वाजायला आधी तिथे कुणीतरी काहीतरी ठेवावं लागतं.

टेलर कादंबरीकार होता, त्याला हे एवढं कोरडं चालणार नव्हतं. त्यानं अमीर अलीच्या हातून त्याच्याच सख्ख्या बहिणीचा खून घडवला. नकळत, आणि गळ्यातल्या खुणेवरून मागाहून कळतं. शेकडो खून थंडपणे सांगणारा तो माणूस तेवढ्या एका जागी मोडतो. गोष्ट म्हणून हे जमलंय. पण मला त्यात इंग्रज वाचकाची सोय दिसते. विलायतेत बसलेल्याला ठोके ऐकू आल्याशिवाय पुस्तक मिटवता येईना, तर टेलरनं ते पुरवले.

स्लीमनच्या कागदांवरही डोळे मिटून विसंबू नये. जबान्या देणारे माफीचे साक्षीदार होते. बोललं तर फास चुकतो, आणि साहेबाला देवी, कुदळ, गूळ यांत रस आहे, हे त्यांच्या ध्यानात आलंच असेल. किम वॅगनर यांच्यासारख्या अलीकडच्या अभ्यासकांनी ठगीच्या धार्मिक रंगातला बराचसा भाग इंग्रजांच्या चष्म्याचा असल्याचं दाखवलं आहे. १८३६ च्या कायद्यानं तर नुसतं ठगांच्या टोळीतलं असणंच जन्मठेपेला पुरे झालं. पुढे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि जन्मानंच गुन्हेगार ही कल्पना कुठवर गेली ते फासेपारध्यांच्या बेड्यावर जाऊन विचारावं. पण माणसं मेली होती हे खोटं नाही. सलोहद्याची हाडं कुणी रचली नव्हती.

अमरावतीचा परकोट याच भयाच्या काळातला. १८०७ मध्ये पिंढाऱ्यांपासून श्रीमंत व्यापारी वाचावेत म्हणून निजामाच्या सरकारनं सुरू केलेला, सव्वादोन मैलांच्या घेराचा. पाच दरवाजे, चार खिडक्या. जवाहर गेटातून आजही रिक्षा एकमेकींना घासत जातात. एका खिडकीचं नाव खुनारी. १८१८ च्या मोहरमात तिच्याजवळ सातशे माणसं मारली गेली, असं गॅझेटियर सांगतं. ते मारणारे ठग नव्हते, पिंढारीही नव्हते. भिंत बाहेरच्यांसाठी होती.

भिंतीच्या आतल्यांचंही एक प्रकरण स्लीमनच्या कागदांत आहे, आणि ते मला कालीबीबीपेक्षा जास्त टोचतं. धनराज शेठ, अमरावतीचा मोठा सावकार. १८२८-२९ च्या सुमारास त्याची रोकड ठगांनी लुटली, रोकड नेणारी माणसं मारली. नर्मदेवरच्या बडवाह घाटाचं हे प्रकरण. शेठनं आपला गुमास्ता बिहारीलाल वसुलीला पाठवला. बिहारीलालनं ठग शोधले, धरवले, आणि पैसे परत करण्याच्या बोलीवर सोडवलेही. करता करता तो ठगांचा पाठीराखाच होऊन बसला. सुटलेले ठग कर्ज फेडायला पुन्हा रस्त्यावर. फेडीचा पैसा कुठून येत होता हे अमरावतीच्या पेढीवर कुणी विचारल्याचं मला कुठे आढळत नाही. ना देवी, ना घुबड, ना गूळ. वहीत फक्त जमा.