रेषेतला हवालदार : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

गुन्हा, पोलीस आणि न्यायालय यांच्यावरची व्यंगचित्रे हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो का, असा प्रश्न नांदेड-लातूरकडचे विद्यार्थी संकोचाने विचारतात. जरूर होऊ शकतो, आणि त्यासाठी हाती चित्रकला असावी लागत नाही. चित्र समोर आले की ते काढणाऱ्याला त्यापायी कोण तुरुंगात धाडू शकत होते, एवढे आधी शोधायचे.

१८७३ साली बंगालमध्ये तारकेश्वरच्या महंताशी संबंध आल्याचे कळताच नवऱ्याने एलोकेशीचा मासे चिरण्याच्या विळीने गळा कापला. खटला गाजला आणि कालीघाटच्या चित्रकारांनी तो स्वस्तात घरोघर पोचवला. एका चित्रात महंत कैद्याच्या वेशात तेलाचा घाणा ओढतो आहे, शेजारी पहारेकरी उभा. महंताला तीन वर्षे कैद आणि २००० रुपये दंड झाला होता. नवऱ्याला जन्मठेप झाली, पण लोकांच्या अर्जविनंत्यांमुळे तो १८७५ मध्ये सुटला. मला ही चित्रे अस्वस्थ करतात. महंताची फजिती त्यांत पोटभर आहे, पण मेलेल्या बाईची बाजू कुणीच घेत नाही. बाजारात खपणाऱ्या न्यायाला अशा मर्यादा असतात. त्याही वाचायला शिकले पाहिजे.

मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता. आ. कृ. वाघमारे यांचे १९३८ साली सुरू झालेले ‘मराठवाडा’ हे वृत्तपत्र बंदी आली की नाव बदलून निघे. निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातूरला वकिली करत असे. त्याच्या संघटनेवर कडाडून टीका करणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. अशा राज्यात फौजदाराची टर उडवणारे चित्र छापायला धजणार कोण?

म्हणून आपल्याकडची टिंगल कागदाबाहेरही शोधावी लागते. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या जत्रेत तमाशाचे फड उतरतात. वगातल्या कोतवालाची आणि शिपायाची तिथे यथेच्छ रेवडी उडते. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ मध्ये हीच थट्टा शहरी रंगभूमीवर नेली. अर्ध्या चड्डीतला ढेरपोट्या हवालदार दिवाळी अंकांत दिसला, की मला तो वगातल्या शिपायाचा सख्खा भाऊ वाटतो.

धोका मात्र संपलेला नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. त्यांच्या एका चित्रात राजचिन्हातल्या सिंहांच्या जागी लांडगे होते. मार्च २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बजावले, की हे कलम लावण्याआधी पोलिसांनी कायदा अधिकाऱ्याचे आणि सरकारी वकिलाचे लेखी मत घ्यावे. व्यंगचित्राच्या अभ्यासकाने हा निकाल मुळातून वाचावा.

सुरुवात गावच्या वाचनालयातून करा. ‘मार्मिक’ या व्यंगचित्र-साप्ताहिकाचे जुने अंक, दिवाळी अंकांचे गठ्ठे मागा. प्रत्येक चित्राची तारीख टिपा आणि त्या आठवड्याचे वर्तमानपत्र शेजारी उघडा. संबंधित बातमी सापडेपर्यंत अर्थ लावायची घाई करू नका.