पणजीचा डावा डोळा

पणजी जेवायला बसली की तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळायचं. पहिल्या घासाला सुरू व्हायचं ते हात धुवेपर्यंत थांबायचं नाही. उजवा डोळा मात्र कोरडा. मी तिला पाहिलेलं नाही, हे सगळं अज्जीकडून ऐकलेलं. अज्जी तिची सून. मैंदर्गीच्या आमच्या घरात सासूला ‘अत्ती’ म्हणायची रीत. अज्जी सांगायची, “अत्तीच्या डोळ्यातनं माहेर गळायचं.”

ते माहेर सरहद्दीच्या पलीकडचं. अक्कलकोटहून दुधनीकडे निघालं की वाटेत मैंदर्गी लागतं. पुढे थोडक्या अंतरावर आज कर्नाटक सुरू होतं, 1948 मध्ये तिथे निजामाचा अंमल होता. गावात मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात नांदतात. सोयरिकी तर दोन्हीकडच्या, हद्द कुणाचीही असो.

1948 च्या पावसाळ्यात निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या धाकाने पलीकडची घरं रिकामी होऊ लागली. इकडे सरहद्दीलगत निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसची शिबिरं उभी होती. पणजी भावाकडे गेली होती, ती भावाच्या कुटुंबाबरोबर रातोरात परत निघाली. कंदील नाही, बैलांच्या घुंगुरमाळा सोडून ठेवलेल्या. गाडीच्या मधोमध पोरं निजवली आणि पणजी कडेला बसली. रात्रभर डाव्या अंगाने पावसाचं वारं. घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी अज्जी तिच्या हातावर चूळ भरायला पाणी घालत होती. चूळ भरली आणि पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपसूक गळून गेलं. तेव्हा सोळा वर्षांची नवी सून असलेली अज्जी घाबरून ओरडली, “बायि सोट्ट आग्याद!” म्हणजे तोंड वाकडं झालंय.

मग जे जे ठाऊक होतं ते सगळं झालं. निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून शेक, तिळाचं कोमट तेल, कानाला कायम पदर. कडक भाकरी बंद, दुधात कुस्करलेली भाकरी सुरू. आणि खुंटीवरचा आरसा उलटा करून भिंतीकडे तोंड करून टांगलेला. 13 सप्टेंबरला सोलापूरकडून भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, 17 तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. गावात गूळ वाटला. अज्जी म्हणायची, “सगळं गाव हसत होतं आणि अत्ती तोंडावर पदर घेऊन बसली होती. तिला हसायचं होतं गं. पण अर्धंच हसू यायचं.”

वर्षभरात तोंड बरंचसं सरळ झालं. मागे राहिलं ते जेवतानाचं पाणी. भावाचं कुटुंब परत गेलं, पण पणजीचं तिकडे जाणं पुढे फारसं झालं नाही. त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी त्या पाण्याचा एकच अर्थ लावला. हुग्गी ही तिच्या माहेरची खूण. गहू, गूळ, वर तूप. हुग्गी केली की पाणी जास्तच यायचं, म्हणून अज्जीने हुग्गी करणंच सोडलं.

1987 मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं आणि गल्लीतली माणसं आमच्या ओसरीवर मावायची नाहीत. मंथरा दिसली की बायका बोटं मोडायच्या. मी आठ वर्षांची, मीही मोडायची. अज्जीने माझा हात धरून खाली ठेवला. म्हणाली, “तिच्या डोळ्याला वारं लागलंय. आमच्या अत्तीसारखं. तिला शिव्या घालू नको.”

ती बाई कोण, तिच्यावर काय गुदरलं होतं, हे अज्जीला माहीत नव्हतं. मला ते पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळालं. मंथरेचं काम करणाऱ्या, येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार तरुणपणी नायिकेची कामं करीत. 1942 मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती. ती चापट नको इतक्या जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्यातली शीर फुटली. तीन वर्षं उपचार चालले. चेहरा हलू लागला, पण डावा डोळा बारीक राहिला तो कायमचा. नायिकेची कामं संपली. पुढे खाष्ट सासू म्हटलं की लोकांना तोच डोळा आठवायचा. त्याच डोळ्याने त्यांनी ‘श्री 420’ मधली मायाळू केळीवाली उभी केली आणि ‘अनाडी’तली मिसेस डिसा उभी करून फिल्मफेअर पुरस्कार मिळवला. डोळा तोच, माया आणि दुष्टावा दोन्ही त्यात मावले. बघणाऱ्यांनी मात्र दुष्टावाच जास्त लक्षात ठेवला.

माझी पाळी 2019 च्या जानेवारीत आली. मी सोलापुरात शाळेत शिकवते. आदल्या रात्री उजव्या कानामागे ठणकत होतं. सकाळी चहाचा घोट घेतला आणि तो हनुवटीवरून साडीवर ओघळला. आरशात पाहिलं तर उजवं कपाळ सपाट, भुवई खाली आलेली, डोळा मिटायला गेलं की मिटेना, नुसतं बुबुळ वर सरकायचं आणि पांढरं उघडं राहायचं. वर्गात हजेरी घेताना प, ब, म फुटेनात. ही अक्षरं दोन्ही ओठ जुळल्याशिवाय होत नाहीत. त्या आठवड्यात अज्जीला भेटायला एसटीने निघाले. कंडक्टरने “कुठं?” विचारलं, मी दोनदा सांगितलं, त्याला कळेना. शेवटी गावाचं नाव कागदावर लिहून दिलं. ज्या गावात बोलायला शिकले त्याचं नाव तोंडातून निघत नव्हतं.

दवाखान्यात मात्र मी पहिल्याच दिवशी गेले होते, हे माझं भाग्य. डॉक्टरांनी आधी सांगितलं, “कपाळाला आठ्या घाला.” मेंदूतल्या अर्धांगवायूत तोंड वाकडं झालं तरी कपाळाला बहुधा आठ्या पडतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. माझ्या उजव्या कपाळावर एकही आठी पडली नाही. म्हणजे बिघाड मेंदूत नव्हता, चेहऱ्याच्या नसेत होता. ही मेंदूतून निघणारी सातवी नस. कानामागच्या हाडातल्या बोगद्यातून ती चेहऱ्यावर येते आणि तो बोगदा सगळ्यात अरुंद जागी एक मिलिमीटरसुद्धा रुंद नसतो. नसेला सूज आली की ती तिथेच आवळली जाते. सूज का येते याचं नक्की उत्तर अजून नाही. अंगात वर्षानुवर्षं निजून राहिलेला नागिणीच्या जातीचा एखादा विषाणू जागा होत असावा, असा दाट संशय आहे. दर लाख माणसांत वर्षाला 15 ते 30 जणांना हे होतं. एडिनबर्गच्या चार्ल्स बेल यांनी 1821 मध्ये चेहऱ्याच्या नसांवर निबंध वाचला, म्हणून याला बेल्स पाल्सी म्हणतात.

पण हे दुखणं बेल यांच्याही फार आधीपासून ओळखीचं आहे. सुश्रुतसंहितेत ते ‘अर्दित’ नावाने येतं. कारणांत मोठ्याने बोलणं आणि कठीण पदार्थ चावणं हीही सांगितली आहेत. पणजीची कडक भाकरी कुणी आणि कशावरून बंद केली असेल, हे ते वाचल्यावर उमगलं. हजार-अकराशे वर्षांपूर्वी अर-राझी या हकिमाने याचं बारीक वर्णन केलं. अरबीत ‘लकवा’ म्हणजे नेमकं हेच, तोंड वाकडं होणं. तो शब्द आपल्याकडे आला, पसरला आणि सगळ्या पक्षाघाताला लागू झाला. आपला म्हणून जो शब्द होता, तो ‘वारं’.

पहिल्या 72 तासांत सुरू केलेली प्रेडनिसोलोनची गोळी हा आजचा खरा इलाज. स्कॉटलंडमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2007 मध्ये छापून आले. नऊ महिन्यांनंतर ही गोळी घेतलेल्यांपैकी 94 टक्के पूर्ण बरे झाले होते, न घेतलेल्यांपैकी सुमारे 82 टक्के. म्हणजे औषधाशिवायही बहुतेक माणसं बरी होतात. निरगुडीला आणि तेलाला यश मिळालं ते यातूनच. पण मागे राहिलेल्यांत आपण असू की नाही, हे पहिल्या तीन दिवसांत कुणालाच कळत नाही. म्हणून वारं जाण्याची वाट बघत घरी बसू नये, एवढं मी भेटेल त्याला सांगते.

डोळ्याची राखण सगळ्यात जिकिरीची. दिवसभर थेंब, रात्री मलम लावून पापणीवर कागदी पट्टी. डोळा उघडा राहिला तर बुबुळ कोरडं पडून त्याला जखम होते. जेवताना घास गालात अडकायचा, तो बोटाने काढावा लागायचा. जिभेच्या अर्ध्या भागाला चवच नव्हती, शेंगाचटणी नुसती भुकटी लागायची. मी मैंदर्गीला पोचले त्याच दिवशी अज्जीने आरसा उलटा केला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी आरशासमोर बसून भुवई, नाक, ओठ हळूहळू हलवायला सांगितलं होतं. तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या अज्जीने आपल्या हाताने आरसा सुलटा केला आणि माझ्या शेजारी बसून तीही ओठांचा चंबू करू लागली. अठराव्या दिवशी माझ्या नाकपुडीशी काहीतरी थरथरलं. ते माझ्या आधी तिला दिसलं.

तीन महिन्यांत चेहरा परत आला. मग मी डॉक्टरांना पणजीच्या पाण्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, नसेला मार फार बसला तर तिचे तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात आणि वाढताना काही वाट चुकतात. लाळेकडे जायचे ते अश्रूंच्या ग्रंथीकडे जाऊन पोचतात. तोंडाला पाणी सुटायच्या वेळी डोळ्याला सुटतं.

हे मी अज्जीला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“म्हणजे अत्ती रडत नव्हती?”

“नाही अज्जी. घास घेतला की यायचं ते पाणी. आवडीचं असलं की जास्त.”

ती बराच वेळ सुपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तिला हुग्गी आवडायची. आणि मी तीच बंद केली.”

चेहरा हलेनासा झाला की बघणारे त्यात आपलं काहीतरी वाचू लागतात. गावाने मंथरेत दुष्टावा वाचला, घराने पणजीत दुःख वाचलं आणि तिला विचारायचं मात्र राहून गेलं. माझ्याकडे दयेने बघणाऱ्यांनीही मला कसं वाटतंय हे फारसं विचारलं नाही. अज्जीने विचारलं, रोज विचारलं.

त्या संध्याकाळी तिने गहू भिजत घातले. दुसऱ्या दिवशी घरात हुग्गी शिजली. पहिली वाटी देवापुढे न ठेवता तिने पणजीच्या फोटोपुढे ठेवली, दुसरी माझ्या हातात दिली आणि समोर बसली. मी घास घेतला. अज्जी माझ्या उजव्या डोळ्याकडे बघत होती.