चढाचा वेग आणि उताराचा वेग : एकाच घराण्याची कुळकथा

देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून साधारण २०० मीटर उंच. त्याच्या माथ्याच्या उंचीवर सेस्ना १७२ या चार आसनी विमानाचे इंजिन बंद पडले, असे समजू. वारा नसलेल्या हवेत हे विमान एक मीटर खाली येताना सुमारे नऊ मीटर पुढे सरकते. म्हणजे डोंगराच्या पायथ्याची पातळी गाठेपर्यंत ते १.८ किलोमीटर कापेल. मात्र त्यासाठी ठरावीक वेगच राखावा लागतो. हा संकटातला वेग आणि उड्डाणानंतर चढताना राखायचा वेग वरवर एकमेकांना परके वाटतात. प्रत्यक्षात दोघे एकाच घराण्यातले आहेत.

या घराण्याचा मूळपुरुष इंग्लंडचा जॉर्ज केली. १७९९ साली त्याने चांदीच्या चकतीच्या एका बाजूवर स्थिर पंखांचे यंत्र कोरले आणि दुसऱ्या बाजूवर पंखावरील बलांची आकृती. पक्षी पंख मारून उचल आणि रेटा दोन्ही एकदमच मिळवतो. केलीने ही दोन कामे वेगळी केली. ही फोड झाली म्हणूनच रेटा काढून घेतल्यावर काय उरते, हा प्रश्न विचारता आला. जर्मनीच्या ओटो लिलिएन्थालने १८८९ च्या पुस्तकात पंखाची उचल आणि हवेचा विरोध यांची मोजमापे वक्ररेषांनी मांडली. अशा मोजमापांतून उत्तर निघते : विमानाचे वजन पेलताना ज्या वेगाला विरोध सर्वांत कमी, त्याच वेगाला उतार सर्वांत सौम्य. इंजिन चालू असेल, तर विरोधाला पुरून उरलेला रेटा चढ किती तीव्र ते ठरवतो. रेटा प्रत्येक वेगाला सारखाच राहिला असता, तर तीव्र चढाचा आणि लांब तरंगण्याचा वेग एकच ठरला असता.

मग पूर्ण वजनाच्या सेस्ना १७२एससाठी समुद्रसपाटीला तीव्र चढाचा ६२, जलद चढाचा ७४ आणि तरंगण्याचा ६८ नॉट असे तीन आकडे का? कारण पंख्याचा रेटा वेगाबरोबर घटतो, आणि म्हणून तीव्र चढाचा वेग ६८ च्या खाली सरकतो. दर मिनिटाला जास्तीत जास्त उंची हवी असेल, तर उरलेल्या रेट्याला वेगाने गुणावे लागते. त्यामुळे जलद चढाचा वेग तीव्र चढाच्या वेगाहून जास्त असतो. नाते इतके जवळचे असेल तर एकच आकडा लक्षात ठेवून भागणार नाही का, असेही कोणी विचारेल. भागणार नाही. उंची वाढते तसे चढाचे दोन्ही वेग एकमेकांकडे सरकतात आणि विमानाच्या कमाल उंचीला एक होतात; तरंगण्याचा वेगमापकावर दिसणारा वेग मात्र उंचीने नव्हे, वजनाने बदलतो. ६८ बरोबर मध्यावर पडणे हाही नियम नाही. तरीही नाते ओळखण्यात प्राणांचे मोल आहे. ६२ नॉटवर चढताना इंजिन थांबले, तर गाठायचा वेग अवघा सहा नॉट दूर असतो. पण आकाशाकडे रोखलेले नाक आता क्षितिजाखाली न्यावे लागते. रेटा गेला की तोच चढ टिकवू पाहणारे विमान वेग गमावते, आणि वेगाबरोबर उचलही.