मालकी आणि उसनवारी : रस्ट भाषेच्या अडचणींचा इतिहास

संगणकाला काम सांगण्यासाठीं मनुष्यानें निर्माण केलेल्या भाषा पुष्कळ आहेत. त्यांपैकीं कांहींचा उपयोग हिशेब, पत्रव्यवहार, चित्रें अशा वरच्या कामांसाठीं होतो. तर कांहींच्या साहाय्यानें, ज्या व्यवस्थेवर हीं सर्व कामें उभीं राहतात, ती मूळ व्यवस्थाच रचली जाते. या दुसऱ्या वर्गांत सी ही भाषा पन्नास वर्षांहून अधिक काळ ठाण मांडून बसली आहे, आणि आतां तिच्या शेजारीं रस्ट ही तरुण भाषा येऊन उभी राहिली आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी ही नवी भाषा शिकूं लागली, म्हणजे पहिल्या आठवड्यांतच एक गाऱ्हाणें ऐकूं येतें : "माझें म्हणणें बरोबर आहे, पण कंपायलर तें मान्यच करीत नाहीं!" कंपायलर म्हणजे मनुष्यानें लिहिलेला मजकूर तपासून त्याचें यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा दुभाषी. हा दुभाषी इतका हट्टी कां, याचें उत्तर व्याकरणापेक्षां इतिहासांत अधिक चांगलें सांपडतें. आणि तो इतिहास समजला म्हणजे विद्यार्थ्याच्या नेहमींच्या अडचणी कशा सोडवाव्या हेंहि कळूं लागतें.

आरंभ अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांतल्या बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेपासून करावयास हवा. तेथें १९६९ सालीं केन टॉम्प्सन यांनीं युनिक्स या व्यवस्थेचा पाया घातला. केंब्रिज येथील मार्टिन रिचर्ड्स यांच्या बी.सी.पी.एल. या भाषेवरून त्यांनीं बी नांवाची एक लहानशी भाषा बेतली, आणि त्या बीपासून १९७१ ते १९७३ या काळांत डेनिस रिची यांनीं सी घडविली. १९७१ सालीं त्यांच्यापाशीं जें यंत्र होतें, त्याची स्मृति, म्हणजे काम चालू असतां मजकूर ठेवण्याची जागा, अवघी २४ किलोबाइट होती. आजच्या फोननें काढलेलें एक छायाचित्रहि तेवढ्या जागेंत मावावयाचें नाहीं.

अशा तुटपुंज्या संसारांत काटकसर हाच धर्म ठरतो. स्मृतींत लिहिलेलें वाक्य कोठें संपतें हें यंत्रानें कसें ओळखावें, हा प्रश्न घ्या. बी.सी.पी.एल. भाषेंत मजकुराच्या आरंभींच त्याची लांबी नोंदलेली असे. परंतु लांबी नोंदण्याचा खण लहान, त्यामुळें मजकूरहि लहानच ठेवावा लागे; शिवाय ती नोंद संभाळीत बसणें गैरसोयीचें वाटलें. म्हणून पुढील भाषांत ती नोंद गेली आणि मजकुराच्या शेवटीं एक खूण आली. सी भाषेंत ती खूण म्हणजे शून्य. त्या काळीं हा निर्णय शहाणपणाचाच होता. मात्र त्यांत एक अट अध्याहृत होती : लिहिणारा मनुष्य नेमून दिलेली जागा कधींहि ओलांडणार नाहीं. भाषेनें मनुष्यावर विश्वास टाकला आणि पहारा ठेवला नाहीं. १९७८ सालीं ब्रायन कर्निहन व डेनिस रिची यांचें सी भाषेवरील पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि तो विश्वास भाषेबरोबर सर्व जगभर पसरला.

त्याची किंमत २ नोव्हेंबर १९८८ रोजीं दिसून आली. कॉर्नेल विद्यापीठांतील एका विद्यार्थ्यानें लिहिलेला एक कार्यक्रम त्या रात्रीं यंत्रायंत्रांतून आपोआप पसरूं लागला. त्याच्या अनेक वाटांपैकीं एक अशी होती : फिंगर नांवाची एक सेवा बाहेरून आलेली ओळ ५१२ बाइटांच्या जागेंत ठेवून घेत असे, या कार्यक्रमानें तिला ५३६ बाइट पाठविले. जास्तीचा मजकूर शेजारच्या जागेंत सांडला, आणि तेथें लिहिल्या गेलेल्या अक्षरांनीं यंत्राचा ताबाच घेतला. सुमारें ६,००० यंत्रें बाधित झालीं असावीं, असा त्या वेळचा अंदाज होता. ओळ वाचून घेणारी सी भाषेंतील जी 'गेट्स' नांवाची सोय येथें वापरली होती, तिला समोरची जागा किती आहे हें कळण्याचा मार्गच नव्हता. ती सोय भाषेच्या प्रमाणग्रंथांतून निघावयास २०११ साल उजाडलें. पुढें २०१९ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें जाहीर केलें कीं, आपल्या वस्तूंतील सुरक्षिततेचे जे दोष दर वर्षीं दुरुस्त करावे लागतात, त्यांपैकीं सुमारें ७० टक्के स्मृतीच्या चुकीच्या वापरांतून उद्भवतात. तेथील लेखक अडाणी होते असें कोण म्हणेल? लक्षावधि ओळींत प्रत्येक वेळीं सावध राहणें मनुष्याच्या आवांक्याबाहेरचें आहे, एवढाच याचा अर्थ.

२००६ सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर शहरीं ग्रेडन होअर हे घरीं परतले तों इमारतीची लिफ्ट बंद! तिला चालविणारा कार्यक्रम कोलमडला होता. एकविसाव्या मजल्यापर्यंत जिने चढतां चढतां त्यांच्या मनांत या प्रश्नानें घर केलें, अशी रस्टच्या जन्माची हकीकत सांगतात. त्यांच्या या खासगी उद्योगाला २००९ सालीं मोझिला या संस्थेनें आश्रय दिला, आणि १५ मे २०१५ रोजीं भाषेची पहिली स्थिर आवृत्ति प्रसिद्ध झाली. सावधगिरीचा जो भार सी भाषेनें मनुष्याच्या माथीं ठेवला होता, तो कंपायलरनें उचलावा, हा तिचा हेतु. विद्यार्थ्याच्या अडचणी नेमक्या येथून सुरू होतात.

पहिली अडचण मालकीची. विद्यार्थी नांवांची एक यादी करतो, ती छापण्यासाठीं दुसऱ्या विभागाकडे सोंपवितो, आणि नंतर तीच यादी पुन्हां वापरूं जातो. कंपायलर म्हणतो, ही वस्तु आतां तुमची राहिली नाहीं. सी भाषेंत मागून घेतलेली जागा परत करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची असे. ती विसरली तर जागा अडून राही, दोनदां परत केली तर घोटाळा होई, आणि परत केलेल्या जागेंत पुन्हां डोकावलें तर अनर्थ ओढवे. म्हणून रस्टमध्यें प्रत्येक वस्तूला एकच मालक असतो, आणि मालकाचा कार्यकाल संपला कीं जागा आपोआप मोकळी होते. घराचें खरेदीखत दुसऱ्याच्या नांवें करून दिल्यावर त्या घरावर आपण हक्क सांगूं शकत नाहीं. परंतु पुस्तक वाचावयास उसनें दिलें तर मालकी आपलीच राहते. यावर तोड तीच : छापणाऱ्याला यादी देऊन टाकूं नये, उसनी द्यावी. नवशिके विद्यार्थी प्रत्येक वेळीं वस्तूची नक्कल करून सुटका करून घेतात. लहान वस्तूच्या बाबतींत त्यांत पाप नाहीं. मोठ्या यादीची नक्कल मात्र वेळ आणि जागा दोन्हीं खाते.

दुसरी अडचण उसनवारीची. एकाच वेळीं वाचणारे कितीहि असोत. परंतु कोणी बदल करीत असेल, तर तो एकटाच असला पाहिजे, असा नियम आहे. विद्यार्थी यादी वाचीत असतांनाच तींत नवीं नांवें घालूं पाहतो आणि अडतो. कारण असें कीं, यादी वाढून जुन्या जागेंत मावेनाशी झाली म्हणजे ती सबंध दुसरीकडे हलविली जाते, आणि वाचणाऱ्याचें बोट मात्र जुन्याच जागेवर राहतें. घालावयाचीं नांवें आधीं वेगळ्या यादींत जमवावीं आणि वाचन संपल्यावर एकदम जोडावीं, म्हणजे प्रश्न मिटतो. येथें कंपायलरचा पक्ष नेहमींच बरोबर होता असेंहि नाहीं. आरंभीं तो उसनवारीची मुदत नांव ज्या कंसांत योजलें त्या कंसाच्या शेवटापर्यंत धरी, त्यामुळें विद्यार्थ्यांना विनाकारण जादा कंस घालावे लागत. डिसेंबर २०१८ मधील आवृत्तीपासून शेवटच्या वापराबरोबर मुदत संपूं लागली. विद्यार्थ्यांच्या तक्रारींत तथ्य होतें, आणि भाषेनें तें मान्य केलें.

तिसरी अडचण अभावाची. शोधलेलें नांव यादींत नसेल तर काय हातीं द्यावें? १९६५ सालीं टोनी होअर यांनीं अल्गोल डब्ल्यू या भाषेंत रिकाम्या निर्देशाची सोय केली. करावयास सोपी म्हणून केली, आणि २००९ सालीं त्यांनींच तिला आपली अब्ज डॉलरांची चूक म्हटलें. रस्टमध्यें "आहे" आणि "नाहीं" या दोन्हीं शक्यता उत्तराच्या स्वरूपांतच नमूद असतात, आणि दोहोंचा विचार केल्याविना पुढें जातां येत नाहीं. कंटाळलेला विद्यार्थी 'अनरॅप' हा शब्द योजून "आहेच" असें गृहीत धरतो आणि ऐनवेळीं कार्यक्रम कोसळतो. प्रयोगाच्या वहींत तें चालेल; लोकांच्या हातीं द्यावयाच्या कामांत दोन्हीं वाटा लिहिलेल्या असाव्या.

चौथी अडचण आपल्या लिपीशीं निगडित आहे. मजकुरांतील तिसरें अक्षर क्रमांकानें मागितलें तर रस्ट नकार देते. जगांतील सर्व लिप्या साठविण्याची यूटीएफ-८ ही पद्धति सप्टेंबर १९९२ मध्यें केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनीं न्यू जर्सींतील एका उपाहारगृहांत, ताटाखालच्या कागदावर आंखली. शून्याची जुनी खूण मानणारे सी भाषेंतील कार्यक्रमहि तींत अबाधित चालतात. तींत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरी चिन्हाला तीन. 'मराठी' हा शब्द घ्या : आपल्या डोळ्यांना अक्षरें तीन दिसतात, काना आणि वेलांटी वेगळी धरली तर चिन्हें पांच होतात, आणि बाइट भरतात पंधरा. मग तिसरें म्हणजे कोणतें? भलत्याच ठिकाणीं कापलें तर अक्षराचे तुकडे होतील. चिन्हें हवीं असतील तर भाषेंतील 'चार्स' ही सोय वापरावी; डोळ्यांना दिसणारीं अक्षरें हवीं असतील, तर युनिकोडचे नियम जाणणारी वेगळी लायब्ररी जोडावी. इंग्रजी मजकुरावर निभावून जाणारी चूक मराठी मजकुरावर तत्काळ उघडी पडते. तेव्हां आपल्या विद्यार्थ्यानें हा नकार उपकारच समजावा.

या भाषेंतहि 'अनसेफ' नांवाचें एक दार आहे. त्यांतून गेलेला मनुष्य आपल्या जबाबदारीवर जातो, आणि यंत्राशीं प्रत्यक्ष बोलावयाचें असेल तेथें तें उघडावेंच लागतें. नवशिक्यानें मात्र एकमेकांना धरून राहणाऱ्या कड्यांची साखळी रचण्यापासून आरंभ करूं नये. तेथें मालक कोण हेंच ठरत नाहीं. कड्या एका यादींत ठेवून क्रमांकानें जोडल्या म्हणजे काम भागतें.

लिनक्स ही व्यवस्था १९९१ पासून सी भाषेंत वाढत आली. तिच्या गाभ्यांत डिसेंबर २०२२ मध्यें रस्टला प्रथम प्रवेश मिळाला. सी भाषेचीं कामें उद्यां नाहींशीं होणार नाहींत, आणि होण्याचें कारणहि नाहीं. रुग्णालयांतील यंत्रें, पेढ्यांचे व्यवहार आणि विजेचें वांटप या व्यवस्थांवर अवलंबून आहे; तेथील चूक लिहिणाऱ्यापेक्षां दुसऱ्यालाच अधिक भोंवते. म्हणून कंपायलरनें अडविलें म्हणजे विद्यार्थ्यानें त्याचा निरोप शेवटपर्यंत वाचावा. २०१६ पासून ते निरोप मुद्दाम सुबोध केलेले आहेत, आणि पुष्कळदां उपायहि त्यांतच लिहिलेला असतो. मग स्वतःला तीन प्रश्न विचारावे : या वस्तूचा मालक कोण, उसनी कोणीं घेतली, आणि केव्हांपर्यंत? तिन्हींचीं उत्तरें कागदावर लिहून पाहिलीं कीं चूक कोणत्या ओळींत आहे तें बहुधा दिसूं लागतें.