समाजमाध्यम कंपन्यांचे उत्तरदायित्व (खानदेश)

समाजमाध्यमे चालवणाऱ्या कंपन्यांनी त्यांच्यावर फिरणाऱ्या मजकुराबद्दल आणि वापरणाऱ्यांच्या खासगीपणाबद्दल लोकप्रतिनिधींना जाब देणे. खानदेशात हा प्रश्न २०१८ साली दोन घटनांतून उभा राहिला. १० जून रोजी वाकडी (ता. जामनेर, जि. जळगाव) येथे घडलेले प्रकरण मुख्यतः खासगीपणाचे, तर १ जुलै रोजी राईनपाडा (ता. साक्री, जि. धुळे) येथे घडलेले मजकुराचे. दोहोंत तीन आठवड्यांचे अंतर आहे. राईनपाड्याची दखल दिल्लीपर्यंत घेतली गेली, म्हणून पुढील माहितीतही त्याचाच भाग मोठा आहे.

राईनपाडा : साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील, गुजरातच्या सीमेजवळच्या पट्ट्यातील आदिवासी पाडा, पोलीस ठाणे पिंपळनेर. १ जुलै २०१८ हा रविवार, आठवडे बाजाराचा दिवस होता. मंगळवेढा (जि. सोलापूर) परिसरातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी फिरत तेथे पोहोचले. डवर वाजवत गावोगाव भिक्षा मागणे हा या भटक्या जमातीचा पिढीजात व्यवसाय. मुले पळवणारी टोळी जिल्ह्यात आल्याचे संदेश आणि चित्रफिती त्या आधी काही दिवस मोबाइलवर फिरत होत्या. पाचांपैकी एकाने बाजारात एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला आणि त्यावरून संशय घेतला गेला, असे बहुतेक वृत्तांत सांगतात. तपशिलांत फरक आहे. जमावाने त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तेथेच ठार मारले. या मारहाणीचेही मोबाइलवर चित्रण झाले आणि तेही फिरले. सुरुवातीच्या दिवसांतच २३ जणांना अटक झाली.

अफवा केवळ व्हॉट्सॲपमुळे पसरली की तोंडोतोंडी पसरलेल्या भीतीला फोनने जोर दिला, याबद्दल एकमत नाही. भटक्या-विमुक्तांकडे संशयाने पाहण्याची सवय इंग्रजांच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याइतकी जुनी आहे आणि मोबाइल तिच्या फार नंतर आला. परंतु गावातील भीती गावातच विरण्याऐवजी शेकडो मैलांवरील चित्रफितीचा ‘पुरावा’ तिला हाताशी मिळाला, हे माध्यमामुळे घडले. त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृतीसाठी केली होती. शेवटचा खुलासा कापून ती अपहरणाचे खरे दृश्य म्हणून पाठवली गेली.

मालेगाव : राईनपाड्याच्या घटनेच्याच रात्री तेथेही याच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले, पोलिसांनी त्यांना वाचवले.

कंपनीला पत्रे : ३ जुलै २०१८ रोजी केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सॲपला जाहीर समज दिली. कंपनीने घटनांबद्दल धक्का व्यक्त करून, सरकार, समाज आणि तंत्रज्ञान कंपन्यांनी मिळून हे काम करावे लागेल, असे उत्तर दिले. १० जुलैपासून पुढे पाठवलेल्या संदेशावर तसा शिक्का दिसू लागला. १३ जुलै रोजी कर्नाटकातील बिदर जिल्ह्यात अशाच अफवेने आणखी एक बळी घेतला. १९ जुलैच्या दुसऱ्या पत्रात मंत्रालयाने, मूक प्रेक्षक राहणाऱ्या माध्यमाला गुन्ह्याला मदत करणारा मानले जाऊ शकते, अशी भाषा वापरली. त्यानंतर लगेच कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. २१ ऑगस्ट २०१८ रोजी कंपनीचे प्रमुख ख्रिस डॅनियल्स दिल्लीत तत्कालीन मंत्री रविशंकर प्रसाद यांना भेटले. त्यानंतर भारतासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमला गेला, पण त्याचे कार्यालय अमेरिकेत होते. साक्रीच्या रहिवाशाला तक्रार करायची तर ती सातासमुद्रापार धाडायची, असा त्या नेमणुकीचा अर्थ.

पाचची मर्यादा उपयोगी होती. परंतु ती कंपनीने स्वतः ठरवली आणि स्वतः अमलात आणली. कायद्याने ती घातली नव्हती. तिला उत्तरदायित्व म्हणता येणार नाही. जाब देणे म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे, आणि राईनपाड्यापूर्वी कंपनीला काय माहीत होते, हा प्रश्न त्या पत्रव्यवहारात मागे पडला.

कायद्याची चौकट : माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मध्यस्थ कंपनीला दुसऱ्याच्या मजकुराबद्दल संरक्षण देते, त्यासाठी योग्य ती दक्षता घेण्याची अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने तेहसीन पूनावाला प्रकरणात १७ जुलै २०१८ रोजी जमावहत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समन्वय अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. त्याचा भर पोलीस यंत्रणेवर होता. २५ फेब्रुवारी २०२१च्या नियमांनी ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या माध्यमांना भारतात राहणारे अनुपालन व तक्रार अधिकारी नेमणे आणि दरमहा अहवाल देणे बंधनकारक केले. गंभीर गुन्ह्यांत संदेशाचा पहिला प्रेषक शोधून देण्याची अटही त्यांत आहे. तिच्याविरुद्ध व्हॉट्सॲपने मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. एप्रिल २०२४ मधील सुनावणीत, कूटबद्धता मोडायला लावल्यास भारतातून जावे लागेल, असे कंपनीच्या वकिलाने सांगितले. पहिला प्रेषक शोधायचा तर सर्वांच्या खासगी संभाषणाचे कुलूप सैल होते, हा कंपनीचा आक्षेप खोटा नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजीच ठरवले आहे.

विधिमंडळ : राईनपाड्यानंतर तीनच दिवसांनी, ४ जुलै २०१८ रोजी, महाराष्ट्र विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन नागपुरात सुरू झाले. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस हे राज्याचे विषय आहेत, दूरसंचार केंद्राचा. त्यामुळे आमदार गृहमंत्र्यांना धारेवर धरू शकतो, कंपनीला नाही, अशी समजूत दीर्घकाळ राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या ८ जुलै २०२१च्या निकालाने ती बदलली. दिल्ली विधानसभेच्या शांतता व सौहार्द समितीने २०२०च्या दंगलीसंदर्भात फेसबुकचे भारतप्रमुख अजित मोहन यांना पाचारण केले होते. समितीला कंपनीच्या प्रतिनिधीला बोलावता येते, असे न्या. संजय किशन कौल यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने सांगितले. मात्र दिल्लीत पोलीस केंद्राच्या अखत्यारीत असल्याने सुव्यवस्थेसंबंधीच्या प्रश्नांना उत्तर देण्याचे बंधन प्रतिनिधीवर राहिले नाही. महाराष्ट्राला ही अडचण नाही, येथे पोलीस राज्याचेच आहेत. मुंबईतील समितीपुढे कंपनीला बसवून साक्रीचा प्रश्न विचारण्याचा अधिकार दिल्लीहून मोठा आहे, असा या निकालाचा अर्थ लागतो. खानदेशाच्या दृष्टीने २०१८ नंतरची सर्वांत महत्त्वाची कायदेशीर घडामोड हीच होय.

संसदीय समिती : माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीपुढे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी ट्विटरचे आणि ६ मार्च रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्रामचे प्रतिनिधी हजर झाले, बैठका बंद दाराआड झाल्या.

वाकडी : विहिरीत पोहल्याच्या कारणावरून मातंग समाजातील अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली आणि तिची चित्रफीत पसरवली गेली. पॉक्सो आणि ॲट्रॉसिटी कायद्यांखाली गुन्हा दाखल होऊन दोघांना अटक झाली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष राहुल गांधी यांनी निषेध करताना ती चित्रफीत ट्विटरवर टाकली. मुलांची ओळख उघड केल्यावरून महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाने त्यांना नोटीस काढली. तिचे राजकारण बरेच झाले. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ पीडित मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. एकाने टाकलेली चित्रफीत उतरवली तरी दुसऱ्याच्या फोनवर ती राहतेच, आणि त्या मुलांना त्याच गावात मोठे व्हायचे असते. विवस्त्र चित्रणाबद्दल पीडिताच्या तक्रारीनंतर २४ तासांत मजकूर हटवण्याचा नियम २०२१ मध्ये आला.

११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम मुलांच्या माहितीबाबतची कर्तव्ये मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. दंडाची ही रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. माहितीची काळजी न घेतल्यामुळे ज्याचे नुकसान झाले त्याला कंपनीकडून भरपाई मिळवून देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३अ वगळण्याची तरतूद याच अधिनियमात आहे.